झेवियरांच्या पत्रांचा मागोवा घेणारे फादर शुरहामर

संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्याविषयी आज जे खात्रीने सांगता येते, त्यातील बराच भाग फादर गेओर्ग शुरहामर ह्या येशूसंघीय इतिहासकाराच्या परिश्रमांतून हाती आलेला आहे. त्यांचा जन्म 1882 साली जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्ट प्रदेशात झाला. 1903 साली ते येशूसंघात दाखल झाले आणि 1908 साली, गुरुदीक्षा मिळण्यापूर्वीच, हिंदुस्थानात आले. मुंबईचे मिशन तेव्हा जर्मन येशूसंघीयांकडे होते.

येथे त्यांची प्रकृती ढासळली. 1910 साली जुन्या गोव्यात संत झेवियर ह्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन खुले झाले होते. तेथे ह्या तरुणाने नवस केला : बरा झालो तर ह्या संताचे चरित्र लिहीन. तो फेडण्यास उभे आयुष्य लागले.

काम तसेच अवघड होते. झेवियर 1542 मध्ये गोव्यात उतरले व 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्यालगत सांचियन बेटावर निवर्तले. दरम्यान कोचीन, मलाक्का, मोलुक्का बेटे व जपान येथून त्यांची पत्रे गलबतांनी युरोपात जात. तेथे त्यांच्या नकला आणि भाषांतरे होत, आणि त्यात मजकूर गळे, बदलेही. शुरहामर ह्यांनी अनेक देशांतील दप्तरे धुंडाळून 1932 साली सहा हजारांहून अधिक समकालीन कागदपत्रांची सूची प्रसिद्ध केली. त्याच वर्षी ते रोमला गेले. फादर योसेफ विकी ह्यांच्यासह सिद्ध केलेली झेवियरांची पत्रे 1944-45 मध्ये दोन खंडांत निघाली.

भक्तीपोटी त्यांनी सत्याला मुरड घातली नाही. झेवियरांना सर्व भाषा आपोआप अवगत होत, हा समज कागदपत्रांपुढे टिकत नाही. ते दुभाष्यांवर अवलंबून असत, प्रार्थना पाठ करीत. जपानात तर प्रारंभी परमेश्वरासाठी त्यांनी ‘दाइनिची’ हे बौद्ध नाव वापरले आणि चूक कळताच टाकून दिले. अशा कष्टाळू, चुकणाऱ्या झेवियरांविषयी आम्हांस तरी अधिकच जवळीक वाटते.

मराठी वाचकांनी आणखी एक नोंद ठेवावी. ‘ख्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स ह्यांच्यासंबंधीची नवी कागदपत्रेही शुरहामर ह्यांनी 1957 साली उजेडात आणली.

चरित्राचा पहिला खंड 1955 साली, म्हणजे नवसानंतर 45 वर्षांनी निघाला. 1971 च्या नोव्हेंबरात रोम येथे त्यांचे निधन झाले. जपान व चीनविषयीचा शेवटचा खंड 1973 साली प्रकाशित झाला.