पास्कल आणि मामांचा ट्रक

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो होतो. मामांचा छोटा ट्रक आहे, त्यातून ते कांदा मार्केटला नेतात. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची. एकदा तर सायकलवरचा शाळकरी पोरगा थोडक्यात वाचला. त्या रात्री मामा जेवले नाहीत.

सकाळी आम्ही मिस्त्रींकडे गेलो. मी छाती फुगवून व्हील अलाइनमेंटचं निदान केलं. मिस्त्रींनी एवढंच विचारलं, की नुसती चालताना ओढते की ब्रेक मारल्यावर? मामा म्हणाले, ब्रेक मारल्यावरच. दोन्ही टायरमधली हवाही सारखी निघाली. म्हणजे दोष ब्रेकमध्ये. मी पुन्हा तोंड उघडलं: ब्रेक हायड्रॉलिक आहे, पास्कलच्या नियमाने दोन्ही चाकांना प्रेशर सारखंच जाणार! मिस्त्री हसले आणि त्यांनी जॅक लावला.

हा पास्कल आपल्याला व्हायव्हापुरताच माहीत. हॉस्टेलवर परतल्यावर मी त्याचं चरित्र वाचलं आणि चाटच पडलो.

ब्लेझ पास्कलचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्समधल्या क्लेर्माँ गावी झाला. तो तीन वर्षांचा असताना आई गेली. वडिलांनीच त्याला घरी शिकवलं. पुढे वडील रुआँ शहरात करवसुलीच्या कामावर लागले. त्यांची रात्र रात्र चालणारी आकडेमोड बघून पोराने १६४२ मध्ये, आपल्या सेकंड-थर्ड इयरच्या वयात, बेरीज-वजाबाकी करणारं दातेरी चाकांचं यंत्र करायला घेतलं. मनासारखं होईपर्यंत त्याने कितीतरी नमुने बनवले.

पुढे त्याला हवेच्या दाबाने झपाटलं. हवेला वजन असेल, तर उंचावर पारा खाली उतरला पाहिजे. पण प्रकृती कायम तोळामासा! म्हणून त्याने मेहुण्याला, फ्लोराँ पेरियेला, प्युई द डोम डोंगरावर पाठवलं. १९ सप्टेंबर १६४८ रोजी माथ्यावर पारा सुमारे ८ सें.मी. उतरला. पायथ्याशी दुसरी नळी दिवसभर नजरेखाली ठेवली होती, तिच्यातला पारा हलला नाही. तर्क बरोबर असला तरी त्याने तो आधी तपासून घेतला.

द्रवांच्या समतोलावरचा ग्रंथ त्याने १६५३-५४ च्या सुमारास लिहिला. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा आपला नियम त्यातलाच. १६६२ च्या मार्चमध्ये त्याच्या कल्पनेतून पॅरिसमध्ये ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या भाड्यात घोडागाड्या सुरू झाल्या. म्हणजे एस.टी.चा पूर्वजच म्हणा ना! त्याच वर्षी १९ ऑगस्टला तो गेला. वय अवघं ३९. द्रवांचा ग्रंथ छापून आला १६६३ मध्ये, त्याने तो पाहिलाच नाही.

सुरुवातीच्या मोटारींना सळ्यांचे नाहीतर वायरचे ब्रेक असत. एका बाजूची ओढ कमी-जास्त झाली की गाडी तिरकी जायची. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग मोटारीला चारही चाकांवर हायड्रॉलिक ब्रेक आले आणि पास्कलचा नियम रस्त्यावर धावू लागला.

मग आमचा ट्रक का ओढत होता? मिस्त्रींनी पुढचं उजवं चाक उतरवून ड्रम काढला. व्हील सिलेंडर गंजून आतला पिस्टन जाम झाला होता. प्रेशर पोचत होतं, पण पिस्टन हलत नव्हता आणि लायनर ड्रमला टेकत नव्हते. ब्रेक लागत होता फक्त डाव्या चाकाला, म्हणून गाडी डावीकडे! उजवा सिलेंडर नवा टाकला, डाव्याचंही किट बदललं, नवीन ब्रेक ऑइल भरलं आणि पेडल मारत मारत लाइनमधली एअर काढली. रिकाम्या रस्त्यावर मामांनी ब्रेक मारून बघितला. गाडी सरळ उभी राहिली.

नियम चुकला नव्हता. मीच चाक न उघडता उत्तर देऊन मोकळा झालो होतो. पास्कलने मात्र एवढ्या आजारपणातही डोंगरावर माणूस धाडला होता.

त्या रात्री मामा दोन भाकरी जास्त जेवले.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल