पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर : चरित्र व नित्यक्रम

काशीविश्वेश्वर, सोरटी सोमनाथ, गयेचे विष्णुपद या क्षेत्रांचे दर्शन घेऊन आलेल्या भाविकांना एक नाव ठिकठिकाणी भेटलेले असते. कोठे मंदिर, कोठे घाट, कोठे धर्मशाळा, तर कोठे वाटेवरची साधी विहीर. आणि विचारणा केली की उत्तर एकच मिळते. ही सर्व कामे करविणाऱ्या अहिल्यादेवी होळकर यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. मात्र ही कामे ज्या काळात झाली, त्या काळात त्यांच्या घरात काय घडत होते, हे पुष्कळ भाविकांना ज्ञात नसते. म्हणून येथे त्यांच्या चरित्राची ती बाजू थोडी विस्ताराने दिली आहे.

अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात आहे. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील होते. मल्हारराव होळकरांनी गावातील देवालयात या मुलीला पाहिले आणि सून म्हणून पसंत केले, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. १७३३ च्या सुमारास मल्हाररावांचे एकुलते एक पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १७४५ मध्ये मालेराव आणि १७४८ मध्ये मुक्ताबाई ही अपत्ये झाली.

१७५४ साली मराठी फौजांनी सुरजमल जाटाच्या कुंभेरीच्या किल्ल्यास वेढा घातला. त्या वेढ्यात मार्च महिन्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव ठार झाले. अहिल्यादेवींचे वय तेव्हा अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. खंडेरावांच्या अन्य पत्नी सती गेल्या. अहिल्यादेवींनीही तोच निश्चय केला होता; परंतु एकुलता पुत्र गमावलेल्या मल्हाररावांनी त्यांची विनवणी केली, म्हातारपणाचा आधार आता तूच, अशा अर्थाचे बोलून त्यांना अडविले. सासऱ्याने सुनेपुढे पदर पसरावा, हा प्रसंग त्या काळी साधा नव्हता. अहिल्यादेवी मागे राहिल्या.

मागे राहिल्या, एवढ्याने दुःख सरत नाही. त्या दिवसापासून त्यांनी रंगीत काठाचे वस्त्र नेसले नाही आणि गळ्यातील एका लहानशा माळेखेरीज अलंकार घातला नाही. मात्र मल्हाररावांनी त्यांना देवघरात बसवून ठेवले नाही. स्वतः मोहिमेवर असताना वसुली, दाणागोटा, दारूगोळा, हिशेब ही सर्व कामे ते सुनेवर सोपवीत. १७६५ मधील त्यांच्या पत्रांत तोफखाना घेऊन ग्वाल्हेरीकडे जाण्याविषयी आणि वाटेतील तजवीज करण्याविषयी सूचना आहेत. आपली सून हे करील, असा विश्वास त्यांतून स्पष्ट दिसतो. सासूबाई गौतमाबाई १७६१ मध्ये निवर्तल्या, तेव्हा त्यांच्या खासगी जहागिरीचा कारभारही अहिल्यादेवींकडे आला. या खासगीचा उल्लेख पुढे येणार आहे.

१७६६ च्या मे महिन्यात आलमपूर येथे मल्हाररावांचे देहावसान झाले. पुत्र मालेराव गादीवर आले, पण ते स्वभावाने अस्थिर होते आणि लवकरच मोठ्या आजाराने ग्रासले गेले. माता रात्रंदिवस त्यांच्या उशाशी बसून होती. १७६७ मध्ये तेही गेले. पती, सासू, सासरा, पुत्र अशी माणसे तेरा वर्षांत एकामागून एक गेली होती. अशा वेळी दौलतीचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तक घेण्याचा आग्रह धरला. रघुनाथराव पेशवे फौज घेऊन माळव्यात आले. अहिल्यादेवींनी लढाईची सिद्धता केली, आसपासच्या सरदारांना पत्रे धाडली. तेव्हा आपण केवळ सांत्वनासाठी आलो आहोत असे सांगण्याची पाळी रघुनाथरावांवर आली. थोरल्या माधवराव पेशव्यांनी अहिल्यादेवींचा अधिकार मान्य केला. फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे आणि मुलकी कारभार देवींकडे, अशी व्यवस्था ठरली व ती अठ्ठावीस वर्षे टिकली.

राजधानी म्हणून त्यांनी नर्मदातीरीचे महेश्वर निवडले. तेथील त्यांचा दिनक्रम जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने नोंदविला आहे. देवींच्या मृत्यूनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी तो माळव्यात होता आणि त्यांना पाहिलेल्या माणसांकडून त्याने ही माहिती मिळविली. त्याचा ग्रंथ १८२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सूर्योदयापूर्वी तासभर अगोदर देवी उठत. स्नान, पूजा, मग पुराणश्रवण. त्यानंतर स्वहस्ते दानधर्म व अन्नदान. आणि मग स्वतःचे साधे शाकाहारी भोजन. भोजनोत्तर पुन्हा थोडी प्रार्थना, थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास त्या दरबारात येत आणि सूर्यास्तापर्यंत बसत. पडदा त्या पाळीत नसत. कोणीही रयत समोर येऊन आपले गाऱ्हाणे मांडू शके. सायंकाळची पूजा व अल्प फराळ आटोपल्यावर रात्री नऊच्या सुमारास कामकाज पुन्हा सुरू होई, ते अकरापर्यंत चाले. सणवार आणि उपवास वगळता या क्रमात खंड पडत नसे.

हा दिनक्रम वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. पूजा आणि कचेरी हे त्यांच्या दिवसाचे दोन वेगळे भाग नव्हते. देवापुढून उठायचे ते रयतेपुढे बसायचे आणि तेथून उठायचे ते पुन्हा देवापुढे. आपल्या प्रत्येक कृत्याचा जाब ईश्वरास द्यावयाचा आहे, अशी त्यांची श्रद्धा होती, असे माल्कम लिहितो. ज्या स्त्रीच्या घरातील माणसे अशा रीतीने गेली, तिने देवाकडे गाऱ्हाणे नेले असते तर नवल नव्हते. त्यांनी मात्र उरलेला प्रत्येक दिवस कोणाच्या तरी ऋणाचा मानला आणि तो त्या फेडीत राहिल्या.

ही फेड कशी होत असे, हे देणगीदार भाविकांनी विशेष लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. दौलतीचा सरकारी पैसा आणि होळकर घराण्याच्या स्त्रियांची खासगी यांचे हिशेब वेगळे होते. देवींनी आपल्या खासगी द्रव्यावर विधिपूर्वक उदक सोडून तुळशीपत्र ठेवले आणि ते धर्मकार्यासाठी वाहिले. काशीविश्वेश्वराचे आजचे मंदिर १७८० मध्ये त्यांनी बांधविले. सोमनाथ येथे १७८३ मध्ये आणि गया येथे १७८७ मध्ये मंदिरे उभी राहिली. मंदिर बांधून विषय संपत नसे. पूजेअर्चेला, दिवाबत्तीला, अन्नछत्राला दरसालची नेमणूक त्या करून देत. पहिला दगड बसविण्यास पुष्कळ जण पुढे येतात. शंभराव्या वर्षीच्या तेलवातीची काळजी आधीच करणारे थोडे असतात.

दूरदूरच्या देवस्थानांना गंगोदकाच्या कावडी नियमित जात. विंध्याद्रीतून माळव्यात चढणाऱ्या जाम घाटाचा रस्ता मोठ्या कष्टाने तयार करविला गेला. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी पाणपोया असत. इतकेच नव्हे, महेश्वरच्या परिसरात शेतात नांगर ओढणाऱ्या बैलांना थांबवून पाणी पाजण्यासाठीही माणसे नेमलेली होती. शेतकरी पाखरांना हाकलतात म्हणून उभ्या पिकाची शेते विकत घेऊन ती पाखरांसाठी मोकळी ठेवली जात. काहींना हे अतिरेकाचे वाटले असेल. पण धर्मशाळेच्या कोनशिलेवर नाव राहते, पाखरांना सोडलेल्या जोंधळ्यावर राहत नाही, हा फरकही पाहावा.

स्वतःवर जे आले ते ज्यांच्यावर आले, अशा स्त्रियांविषयी त्यांची दृष्टी विशेष होती. निपुत्रिक विधवेची मालमत्ता सरकारजमा करण्याची संधी अधिकारी शोधीत. देवींनी अशा स्त्रियांना पतीचे धन स्वतःकडे ठेवण्याची व दत्तक घेण्याची मुभा दिली. खरगोण येथील दोन सावकार बंधूंच्या विधवांनी आपली संपत्ती देवींना अर्पण करू केली. ती न स्वीकारता, लोकोपयोगी कामात लावावी, असे त्यांनी सुचविले. त्यातून तेथे नदीवर घाट आणि गणपतीचे मंदिर झाले.

याच महेश्वरात त्यांनी विणकरांना बोलावून वसविले. महेश्वरी साडीचे रंगीत व जरीचे काठ ज्या मागांवर विणले जाऊ लागले, ते माग पांढरे वस्त्र नेसणाऱ्या स्त्रीने आणविले होते.

तरीही दुःखाची पाठ सुटली नाही. मुक्ताबाईंचा विवाह यशवंतराव फणसे यांच्याशी झाला होता. त्यांचा पुत्र नथ्याबा हा आजीचा जीव की प्राण. तो ऐन तारुण्यात गेला. त्यानंतर वर्षभरातच, १७९१ च्या सुमारास, जावई यशवंतराव वारले आणि मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. देवींनी मातेच्या नात्याने, देवाची शपथ घालून विनविले. सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्याच्या विनवणीने आपण थांबलो, त्याच विनवणीने आपली लेक थांबावी, एवढेच मागणे होते. मुक्ताबाईंचे म्हणणे असे की, आई वृद्ध झाली आहे, थोड्या वर्षांत तीही जाईल आणि मग पती नाही, पुत्र नाही अशा घरात एकटीने कोणासाठी राहावयाचे. चोवीस वर्षे लोकांचे निवाडे करणाऱ्या मातेजवळ यावर उत्तर होते, पण ते लेकीला पटले नाही. देवी नदीकाठापर्यंत गेल्या. दोन ब्राह्मणांनी दंड धरून त्यांना सावरून ठेवले होते. शेवटी मात्र तो संयम तुटला. विधी संपल्यावर नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात परतल्या आणि तीन दिवस अन्न घेतले नाही, कोणाशी एक शब्द बोलल्या नाहीत.

या चालीचे समर्थन कोणी करू नये; पुढे १८२९ मध्ये इंग्रजी अमलात तिला कायद्याने बंदी झाली. येथे पाहावयाचे ते त्या तीन दिवसांनंतरचे. देवींनी लेक-जावयाच्या स्मरणार्थ सुंदर छत्री बांधावयास घेतली आणि कारभार पुन्हा हाती घेतला. कुंभेरीजवळ पतीची, आलमपुरास सासऱ्याची छत्री त्यांनीच उभारली होती; तिसरी ही. पुढची चार वर्षे दौलतीचे काम त्यांनी सोडले नाही.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे, वयाच्या सत्तराव्या वर्षी त्या कैलासवासी झाल्या. भारत सरकारने १९९६ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. २०२५ मध्ये त्यांच्या जन्माची त्रिशताब्दी साजरी झाली.

महेश्वर हे मध्य प्रदेशातील खरगोण जिल्ह्यात असून इंदूरपासून सुमारे ९० कि.मी. अंतरावर आहे. ओंकारेश्वरास जाणाऱ्या भाविकांना तेथे जाता येते. किल्ल्यातील होळकर वाड्यात देवींची गादी आणि देवघर पाहावयास मिळते. खाली अहिल्या घाट आहे. मृत्तिकेची लहान लहान शिवलिंगे करून, त्यांची पूजा झाल्यावर ती नर्मदेत विसर्जित करण्याचा लिंगार्चनाचा नित्यविधी देवींनी सुरू केला. तो आजही तेथे सकाळी चालतो.