पोरं बालवाडीत येईनात, म्हणून ताराबाई मोडकांनी बालवाडीच पाड्यावर नेली अन् 'अंगणवाडी' जन्माला आली

तळोदा. नंदुरबार जिल्ह्यातला, सातपुड्याच्या पायथ्याचा आदिवासी तालुका. इथल्या कुठल्याही पाड्यावर सकाळी गेलात तर एक दृश्य हमखास दिसतं. अंगणवाडी सेविका घराघरांतून पोरं गोळा करून आणते, मदतनीस चुलीवर खिचडी चढवते, एकीकडे वजनकाट्यावर कुणाचं तरी वजन चाललेलं असतं. अमृत आहार योजनेतून लहान पोरांच्या हातात अंडं किंवा केळं पडतं.

हे सगळं इतकं सवयीचं झालंय की अंगणवाडी हा शब्द आला कुठून, असा प्रश्नही कुणाला पडत नाही. अर्थ तसा सरळ आहे. अंगणात भरणारी बालवाडी म्हणजे अंगणवाडी. पण बालवाडीला अंगणात यावं लागलं ते का, याची गोष्ट मोठी आहे. ती गोष्ट आहे ताराबाई मोडक यांची.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. माहेरचं आडनाव केळकर. घरात प्रार्थना समाजाचे विचार होते आणि आईचा पुनर्विवाह झालेला होता. ज्या काळात मुलींना चार अक्षरं शिकवायलाही लोक तयार नव्हते, त्या काळात म्हणजे १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या.

पुढे अमरावतीच्या मोडक वकिलांशी त्यांचं लग्न झालं. संसार टिकला नाही. १९२१ साली घटस्फोट झाला. पदरी एक मुलगी होती. शंभर वर्षांपूर्वी घटस्फोटित बाईकडे समाज कसा बघत असेल, याचा अंदाज कुणालाही येईल. ताराबाईंनी राजकोटला मुलींच्या अध्यापन महाविद्यालयात प्राचार्यपद घेतलं आणि स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या.

तिथेच त्यांना गिजुभाई बधेका यांच्या कामाबद्दल कळलं. गिजुभाई भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत लहान मुलांवर नवे प्रयोग करत होते. मारायचं नाही, घोकून घ्यायचं नाही, मूल खेळता खेळता शिकलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. १९२३ साली ताराबाईंनी चांगल्या पगाराची नोकरी सोडली आणि थेट भावनगर गाठलं. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ सुरू झाला. पुढे १९३६ साली त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार काढलं. नाव झालं, शिक्षिका तयार होऊ लागल्या, मध्यमवर्गीय घरांतली पोरं येऊ लागली.

इथेच थांबल्या असत्या तरी इतिहासात त्यांचं नाव राहिलं असतं. पण त्यांना एक गोष्ट खटकत होती.

माँटेसरीबाईंनी आपलं पहिलं बालगृह १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत काढलं होतं. भारतात मात्र ही पद्धत खात्यापित्या घरांपुरती राहिली होती. साधनं महाग, फी परवडणारी नाही. मग खेड्यातल्या पोरानं काय करायचं?

वयाच्या ५३ व्या वर्षी, १९४५ च्या अखेरीस, ताराबाईंनी मुंबई सोडली आणि समुद्रकाठच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता ते पालघर जिल्ह्यात येतं. सोबतीला होत्या अनुताई वाघ. लहानपणीच विधवा झालेल्या अनुताई तोवर पुण्याच्या हुजूरपागेत शिकवत होत्या. आसपासचा सगळा मुलूख वारल्यांचा. सावकारी आणि वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव पेटला तो याच वर्षी.

तर बालवाडी सुरू झाली, पण ज्यांच्यासाठी ती काढली होती त्या गरीब वस्त्यांमधली पोरं येईनात.

आई-बापांना शिक्षणाची किंमत नाही, असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. ताराबाईंनी मात्र कारणं शोधली. आई-बाप पहाटेच मजुरीला जातात. पोराला न्हाऊ-माखू घालून, धुतलेले कपडे चढवून बालवाडीत सोडणार कोण? आणि घरात खायलाच नसेल तर पोर गाणी तरी कशाच्या जोरावर म्हणणार?

मग त्यांनी उलटा विचार केला. पोरं येत नाहीत ना, मग आपणच जायचं. शिक्षिका वस्तीवर जाऊ लागल्या. कुणाच्या तरी अंगणात पोरं जमवायची, त्यांना आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे, काहीतरी खायला द्यायचं आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. माँटेसरीच्या महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या आणि माती आली. अंगणवाडी ती हीच.

१९५७ साली काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हललं. तिथे आणखी एक अडचण समोर आली. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही, तर तिच्या कडेवर धाकटं भावंडं असतं. ते ठेवायचं कुठे? यावर ताराबाई आणि अनुताईंनी विकासवाडीची कल्पना राबवली. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत आणि थोरली वर्गात. गुरं राखणारी पोरं उरली, तर त्यांच्यासाठी रानातच कुरणशाळा भरू लागली.

म्हणजे लहान मुलाची काळजी घेणारी जागा नसेल तर मोठ्या मुलीची शाळाही बुडते, हे कोसबाडच्या टेकडीवर तेव्हाच दिसून आलं होतं.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणं, शालापूर्व शिक्षण आणि आयांना आरोग्य व आहाराची माहिती, या सहा सेवा एकाच ठिकाणी मिळू लागल्या. त्या ठिकाणाला देशभर नाव मिळालं अंगणवाडी. ताराबाईंना ते बघायला मिळालं नाही. अनुताईंनी मात्र १९९२ पर्यंत, म्हणजे शेवटच्या श्वासापर्यंत कोसबादचं काम ओढलं.

आता परत तळोद्याला येऊ.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून पोषक आहार मिळण्याचा हक्क दिलाय. पण नंदुरबारच्या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे निघतात. पोरंही सोबत जातात. पाड्यावरची अंगणवाडी उघडी असते, खिचडीही शिजते, आणि जिच्यासाठी शिजते ती पोरगी उसाच्या फडात असते. सहा महिन्यांनी परत येते तेव्हा वजनकाट्यावर काय दिसतं, हे सेविकेला वेगळं सांगावं लागत नाही.

बोर्डीला ताराबाईंपुढे जो प्रश्न होता, तोच हा. पोर केंद्रापर्यंत येऊ शकत नसेल तर केंद्र पोरापर्यंत जाणार का? ताराबाईंनी त्याचं उत्तर ८० वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय. आणि पाड्यावरची सेविका आजही सकाळी दारोदार फिरून पोरं गोळा करते, तेव्हा ती त्यांच्याच वाटेनं चाललेली असते. आता ही वाट उसाच्या फडापर्यंत न्यायची आहे.