कप्तान विल्यम क्लार्क

थोर पुरुषांचे पराक्रम इतिहासांत वाचावयास मिळतात. परंतु त्यांच्या अंतःकरणाची पारख कधीं कधीं घरच्या पत्रांवरूनच होते. अमेरिकेचा प्रख्यात प्रवासी विल्यम क्लार्क याचें चरित्र या दृष्टीनें मननीय आहे.

क्लार्कचा जन्म १७७० सालीं व्हर्जिनिया प्रांतीं झाला. पुढें त्याचें कुटुंब केंटकींत लुइव्हिल गांवाजवळ येऊन राहिलें. १७९९ सालीं वडील वारल्यावर यॉर्क नांवाचा कृष्णवर्णीय गुलाम वारसाहक्कानें त्याजकडे आला.

१८०४ च्या मे महिन्यांत क्लार्क व त्याचा मित्र मेरिवेदर लुइस हे सैनिकांची एक तुकडी घेऊन मिसूरी नदीनें पश्चिमेकडे निघाले. यॉर्कही बरोबर होता. दुर्गम पर्वत, बर्फ व उपासमार यांस तोंड देत ही मंडळी १८०५ च्या नोव्हेंबरांत पॅसिफिक महासागरास पोंचली. तेथें हिवाळ्याचा मुक्काम कोठें करावा याविषयीं सर्वांचीं मतें घेतलीं, तेव्हां यॉर्कचेंही मत नोंदलें गेलें. १८०६ च्या सप्टेंबरांत सर्वजण सेंट लुइस येथें परतले. सैनिकांस दुप्पट वेतन व जमिनी मिळाल्या. यॉर्कला मात्र कांहींच मिळालें नाहीं.

१८०८ सालीं क्लार्कनें सेंट लुइस येथें संसार थाटला. यॉर्कची पत्नी लुइव्हिल येथें दुसऱ्या धन्याकडे होती. तिच्याजवळ राहूं द्यावें, मोलमजुरी करून मिळकत धन्यास पाठवीन, एवढेंच यॉर्कचें मागणें होतें. क्लार्कनें तें मानलें नाहीं. इतकेंच नव्हे, तर यॉर्कला मारहाण केल्याचें त्यानें स्वहस्तें वडील बंधु जोनाथन यास लिहून कळविलें. हीं पत्रें वंशजांच्या घरीं दीर्घकाळ पडून होतीं. २००२ सालीं तीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं.

क्लार्क १८१३ सालीं मिसूरी प्रदेशाचा गव्हर्नर झाला. त्याचा १८१४ सालीं छापलेला पश्चिमेचा नकाशा पुढील प्रवाशांस फार उपयोगी पडला. यॉर्कला आपण मुक्त केलें, असें त्यानें १८३२ सालीं वॉशिंग्टन अर्विंग या ग्रंथकारास सांगितलें. १८३८ सालीं क्लार्क निवर्तला.

अज्ञात नद्या व पर्वत यांचा माग त्यानें धैर्यानें काढला. परंतु सहस्रावधि मैल आपणांबरोबर चाललेल्या मनुष्याचें दुःख त्यास ओळखतां आलें नाहीं. त्याच्या धैर्याचा गौरव करतांना आपण यॉर्कचेंही नांव विसरूं नये.