रामचंद्रपंत अमात्यांचा रसदीचा हिशेब

दूर मुलखात ठेवलेल्या सैन्याला लढण्यापूर्वी जेवावे लागते, पाणी प्यावे लागते आणि थंडीत शेकावेही लागते. ही साधी गोष्ट मोठमोठ्या राष्ट्रांच्या संरक्षण खात्यांना अलीकडे पुन्हा नव्याने शिकावी लागली. अमेरिकी लष्कराच्या २००९ मधील एका अभ्यासात असे आढळले की, अफगाणिस्तानात इंधन वाहून नेणाऱ्या सुमारे दर २४ तांड्यांमागे एक माणूस ठार वा जखमी होत होता. २०१० मध्ये हेलमंड प्रांतातील मरीन सैनिकांच्या एका तुकडीला विजेसाठी सौरपट्ट्या देण्यात आल्या. आपल्याकडे १९८४ पासून सियाचीनच्या हिमनदीवर सैन्य आहे आणि तेथील वरच्या चौक्यांना अन्न व रॉकेल हेलिकॉप्टरने पोहोचवावे लागत आले. २०२१ मध्ये सोनम वांगचूक यांनी दिवसाच्या उन्हावर रात्री उबदार राहणारा लष्करी तंबू लडाखमध्ये तयार करून दाखवला. हे सारे स्वागतार्हच आहे. मात्र सैन्याने उभे आहे तेथेच आपली गरज भागवावी, हा विचार आजचा नव्हे. तो राज्यकारभाराचे सूत्र म्हणून मांडणारा ग्रंथ मराठीत १७१५ मध्येच लिहिला गेला, आणि त्यात विचारलेला एक प्रश्न आजच्या चर्चेत अभावानेच आढळतो.

त्या ग्रंथाचे नाव आज्ञापत्र. आज्ञेचे पत्र असल्याने ते छत्रपतींच्या नावाने आहे. परंतु लिहिणारा हात रामचंद्रपंत अमात्यांचा, असे अभ्यासकांनी बहुतांशी मानले आहे.

रामचंद्र नीळकंठ यांचा जन्म १६५० च्या सुमाराचा. वडील निळो सोनदेव शिवाजी महाराजांचे मुजुमदार, म्हणजे जमाखर्चाचे प्रमुख. घरात तलवारीइतकाच वहीचाही परिपाठ. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर अष्टप्रधानांत अमात्यपद त्यांच्याकडे होते, तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्या आसपास असावे. ज्या दरबारात ते वाढले तेथील शिस्तीची कल्पना महाराजांच्या १६७३ मधील एका पत्रावरून येते. चिपळूणच्या परिसरात पावसाळ्यासाठी छावणी करून राहिलेल्या घोडदळाला लिहिलेल्या या पत्रात दाणागवत पावसाळाभर पुरवून वापरण्याची ताकीद आहे. ते आधीच संपले तर घोडी उपाशी मरतील, आणि मग शिपाई कुणब्यांच्या घरचे धान्य व भाजी ओरबाडतील, ही धास्तीही त्यात स्पष्ट आहे. शिलकी गवताचा आणि रयतेच्या भाकरीचा संबंध येथे एकाच श्वासात जोडलेला आहे. रामचंद्रपंतांच्या पुढील आयुष्याची बैठक येथेच घातली गेली, असे मला वाटते.

कसोटीचा काळ १६८९ मध्ये आला. मार्चमध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, वर्षअखेरीस रायगड पडला, आणि राजाराम महाराज जिंजीला गेले. मागे राहिलेल्या मुलखाचा सर्वाधिकार हुकूमतपन्हा या किताबासह रामचंद्रपंतांना मिळाला. शंकराजी नारायण सचिव त्यांच्या मदतीला, रणांगणात संताजी घोरपडे व धनाजी जाधव. राजा शेकडो मैल दूर, राजधानी शत्रूच्या हाती आणि खजिना रिकामा, अशा स्थितीत जवळजवळ नऊ वर्षे हा कारभार चालला. विशाळगड हे त्याचे एक प्रमुख ठाणे होते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता ही लढाई दोन पुरवठा पद्धतींची होती. औरंगजेबाची छावणी हे एक चालते शहर होते. त्याचे धान्य बंजाऱ्यांच्या बैलांवर लांबून येई आणि ती वाट तोडणे हे संताजी-धनाजींचे नित्याचे काम होते. उलट, सह्याद्रीतील गडावरची शिबंदी थोडी. तिचे पाणी खडकातल्या टाक्यांत आणि धान्य गडावरच्या कोठारांत. वेढा घालणाराला रोज खर्च होता, वेढ्यात बसलेल्याने तो खर्च पूर्वीच करून ठेवलेला होता. १७०२ च्या जूनमध्ये विशाळगड बादशहाला मिळाला तोही रोख रक्कम मोजूनच; आणि भर पावसाळ्यात तेथून पन्हाळ्याकडचे थोडे अंतर परतताना माणसे, हत्ती, घोडी यांची जी हानी झाली तिने त्या विजयाची किंमत चुकती केली. त्या वाटेला महिन्याहून अधिक काळ लागला.

तथापि या चित्राची दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. मैदानात फिरणारी मराठी घोडदळे स्वावलंबी नव्हती. ती शत्रूच्या, आणि अनेकदा कोणाच्याच नसलेल्या, मुलखावर जगत होती. सरदारांना बांधून ठेवण्यासाठी वतने व सरंजाम देण्याची प्रथा याच काळात बोकाळली, आणि तिच्यावर रामचंद्रपंतांच्या संमतीची मोहोर आहे. आज्ञापत्रात वतनदारांविषयी आणि सढळ हाताने दिलेल्या इनामांविषयी जी कडवट सावधगिरी आहे, ती त्यामुळेच पुस्तकी वाटत नाही. रोख पैसा नसला की राज्य आपले उद्याचे उत्पन्न विकून आज भागवते, हे त्यांनी स्वतः करून पाहिले होते.

राजाराम महाराज १६९८ मध्ये परतले, १७०० मध्ये सिंहगडावर निवर्तले. पुढे ताराबाईंचा काळ, शाहू महाराजांची सुटका, आणि १७१४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दुसऱ्या संभाजींना बसवणारी उलथापालथ. त्यात अमात्यांचा वाटा किती, या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. पाच छत्रपतींचा काळ पाहिलेला हा कारभारी उतारवयात लिहावयास बसला, एवढे आपल्याला पुरे.

ग्रंथाची अखेरची प्रकरणे दुर्ग आणि आरमार यांची. गड बांधण्याआधी पाणी पाहावे. नसेल आणि जागा तर महत्त्वाची असेल, तर खडक फोडून वर्षभर पुरतील अशी टाकी करावीत. एका झऱ्यावर विसंबू नये, कारण युद्धात तोफांच्या हादऱ्याने झरे आटतात आणि नेमका तेव्हाच पाण्याचा खर्च वाढतो. म्हणून राखीव टाकी वेगळी ठेवून त्यांतले पाणी एरवी खर्चू देऊ नये. गडावर आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ यांसारखी मोठी आणि लिंबू-नारिंगासारखी लहान झाडे लावून जतन करावीत. प्रसंगी तीच लाकूड पुरवतील. दारूचे कोठार घरांपासून दूर असावे आणि आठपंधरा दिवसांनी त्यातल्या दारूला ऊन द्यावे. केरकचऱ्याचेही कलम आहे. केर गडाखाली न टाकता जागोजाग जाळावा, राख परसात घालावी आणि घरोघर भाजीपाला करावा. अमेरिकी सैन्यानेही इराक व अफगाणिस्तानातील तळांवर कचरा उघड्यावर जाळला. परंतु त्यात प्लॅस्टिक आणि रसायने होती, आणि त्या धुराने आजारी पडलेल्या सैनिकांसाठी २०२२ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. जाळणे एकच, फरक कचऱ्यात आहे.

आरमाराच्या प्रकरणात हाच विचार गडाबाहेर, रयतेच्या अंगणात येतो. जहाजांना लाकूड लागणारच. सागवानासारखी झाडे हुजूरच्या परवानगीने तोडावीत, कमी पडल्यास परमुलखातून विकत आणावीत. आंबा-फणसाचे लाकूडही आरमाराच्या उपयोगाचे, पण त्याला हात लावू नये; कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोटच्या पोरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल, तर मालकाला राजी करून, दाम देऊन घ्यावे. याहून मार्मिक कलम पैशाचे आहे. आरमाराचा तनखा मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा, बंदराच्या जकातीवर लावू नये. तसे केल्यास आरमारच सावकारांना छळू लागेल, व्यापार बुडेल आणि बंदरे ओस पडतील. खर्च कोणत्या उत्पन्नावर टाकला आहे, त्यावर खर्च करणाऱ्याचे वर्तन ठरते, हा धडा आम्ही पदव्युत्तर वर्गात आकृत्या काढून शिकवतो.

आजच्या लष्करी सौरऊर्जेचे हिशेब मुख्यतः किती तांडे वाचले आणि किती जवान वाचले, यांचे असतात. ते वाचलेच पाहिजेत. परंतु सैन्य ज्यांच्या पाण्यापाशी आणि कुरणापाशी तळ देते त्यांच्यावरचा बोजा किती उतरला, हा रकाना त्यांत सहसा नसतो. अमात्यांच्या वहीत तो पहिल्या पानापासून आहे. त्यांच्या लेखी गडावरचे टाके भरलेले असणे ही शिबंदीची सोय होती, तशीच गडाखालच्या गावाची सुटकाही.

१७१६ मध्ये रामचंद्रपंत पन्हाळ्यावर वारले. त्यांची समाधी तेथेच आहे. शाळांच्या सहली अंबरखान्याची प्रचंड धान्यकोठारे पाहून परततात. ती मराठ्यांच्याही आधीची आहेत. रामचंद्रपंतांना ती वापरायची आणि भरलेली ठेवायची होती.