विश्लेषण : ‘२ + ३ × ४’ म्हणजे १४ की २०? संगणकाचा गोंधळ टाळणारे यान वुकाशेविच कोण होते?

‘२ + ३ × ४’ याचे उत्तर आपण १४ देतो, कारण गुणाकार आधी करायचा हे शाळेत शिकवलेले असते. हा नियम नसेल तर २० हे उत्तरही निघू शकते. प्रोग्रामिंग भाषेच्या व्याकरणात अशी संदिग्धता राहिली, तर एकाच ओळीचे दोन अर्थ लागतात. ती उद्भवूच नये अशी लेखनपद्धती एका पोलिश तर्कशास्त्रज्ञाने आधुनिक संगणक येण्यापूर्वीच शोधली होती.

कोण होते वुकाशेविच?

यान वुकाशेविच यांचा जन्म २१ डिसेंबर १८७८ रोजी तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतील आणि आता युक्रेनमध्ये असलेल्या ल्विव्ह शहरात झाला. १९१५ मध्ये ते वॉर्सा विद्यापीठात आले. १९१९ मध्ये ते पोलंडचे शिक्षणमंत्री होते. पुढे दोनदा त्यांनी विद्यापीठाचे प्रमुखपद सांभाळले.

त्यांची पद्धत काय?

तर्कशास्त्रातील कंसांचा पसारा टाळण्यासाठी १९२४ मध्ये त्यांनी चिन्ह आधी आणि ते ज्यांना लागू होते ती पदे नंतर, अशी मांडणी शोधली. अंकगणितात सांगायचे तर ‘+ २ × ३ ४’ म्हणजे १४च आणि ‘× + २ ३ ४’ म्हणजे २०च. प्रत्येक चिन्हाला किती पदे लागतात हे ठरलेले असल्याने कंसांची किंवा ‘आधी गुणाकार’ या नियमाची गरज उरत नाही. हेच ‘पोलिश नोटेशन’.

युद्धात काय घडले?

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीलाच बॉम्बहल्ल्यात त्यांचे घर आणि संशोधनाची कागदपत्रे नष्ट झाली. १९४४ मध्ये त्यांनी वॉर्सा सोडले. जर्मनी व बेल्जियममार्गे १९४६ मध्ये ते डब्लिनला पोहोचले. तेथील रॉयल आयरिश अकादमीत त्यांना प्राध्यापकपद मिळाले. १३ फेब्रुवारी १९५६ रोजी डब्लिनमध्येच त्यांचे निधन झाले.

संगणकाशी संबंध कसा?

१९५७ मध्ये ऑस्ट्रेलियातील चार्ल्स हॅम्ब्लिन यांनी चिन्ह शेवटी लिहिण्याची उलटी पोलिश पद्धत संगणकासाठी मांडली. नेहमीच्या मांडणीचे त्या क्रमात रूपांतर करण्याची रीत एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६०च्या सुमारास दिली. १९७२चा ‘एचपी-३५’ हा खिशात मावणारा कॅल्क्युलेटरही याच पद्धतीवर चालत असे.

आजही बहुतेक भाषांमध्ये प्रोग्रामर शाळेतल्यासारखेच गणित लिहितो. कोणती क्रिया आधी, हे भाषेचे नियम ठरवतात. त्यानुसार कंपायलर एकच अर्थ निघेल असा क्रम लावतो. कागदपत्रे जळाली, तरी वुकाशेविच यांची कल्पना अशी टिकून राहिली.