महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) : सार्वजनिक ग्रंथालय चळवळीचे प्रवर्तक

प्रस्तावना

मुंबईहून निघालेली गुजरातची गाडी पालघर, बोईसर आणि डहाणू ही स्थानके मागे टाकून काही तासांत वडोदऱ्यास पोहोचते. विसाव्या शतकाच्या आरंभी या मार्गावरचे बडोदे हे एका संस्थानाच्या राजधानीचे शहर होते. भारतातील मोफत सार्वजनिक ग्रंथालयांची पहिली सुसूत्र व्यवस्था तेथेच उभी राहिली. या संस्थानाचा नवसारी प्रांत आजच्या पालघर जिल्ह्यापासून फार दूर नव्हता. ही व्यवस्था उभारणारे सयाजीराव गायकवाड हे मराठी भाषक होते आणि त्यांचे बालपण नाशिक जिल्ह्यातील एका खेड्यात गेले होते. प्रस्तुत घटकात आपण त्यांच्या चरित्राचा परिचय करून घेणार आहोत. ग्रंथालय ही शासनाने दिलेली देणगी असते की नागरिकांचा हक्क असतो, हा प्रश्न हे चरित्र वाचताना सतत मनाशी ठेवावा.

बालपण आणि राज्यप्राप्ती

सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी मालेगाव तालुक्यातील कवळाणे येथे झाला. त्यांचे मूळ नाव गोपाळराव. वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेतील शेतकरी होते. १८७५ मध्ये ब्रिटिश सरकारने मल्हारराव गायकवाड यांना पदच्युत केले आणि दिवंगत खंडेरावांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांस दत्तक घेण्याची अनुमती दिली. त्यानुसार २७ मे १८७५ रोजी बारा वर्षांच्या गोपाळरावांचे दत्तकविधान झाले व ते सयाजीराव या नावाने गादीवर आले.

तोपर्यंत त्यांना नीटसे लिहिता-वाचता येत नव्हते. पुढील सहा वर्षांत इंग्रज शिक्षक इलियट यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. दिवाण सर टी. माधवराव यांच्याकडून त्यांना राज्यकारभाराचे धडे मिळाले. २८ डिसेंबर १८८१ रोजी संस्थानाची पूर्ण सत्ता त्यांच्या हाती आली. इतरांची मुले ज्या वयात शाळेचा मोठा टप्पा ओलांडतात त्या वयात अक्षरांशी झुंजणाऱ्या या राजाने पुढे शिक्षणाला राज्यकारभारात अग्रस्थान दिले. त्याचे मूळ या अनुभवात असावे, असे मानण्यास जागा आहे.

शाळेकडून ग्रंथालयाकडे

१८९३ मध्ये सयाजीरावांनी अमरेली भागातील निवडक गावांत सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानास लागू झाला. येथे एक अडचण उभी राहिली. शाळा सोडल्यानंतर हाती पुस्तक न आलेले मूल काही वर्षांत वाचणे विसरते आणि त्याच्या शिक्षणावर झालेला खर्च वाया जातो. शाळेने दिलेली साक्षरता टिकवायची, तर गावात वाचनाची सोय हवी. ग्रंथालय योजनेमागील कारणपरंपरा ही अशी आहे. सक्तीचे शिक्षण आधी आले आणि ग्रंथालय त्याची अपरिहार्य पुढची पायरी म्हणून आले, हा क्रम विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा.

याच सुमारास मोतीभाई अमीन या शिक्षकाने मित्रमंडळांच्या द्वारे गावोगावी वाचनालये सुरू केली होती. म्हणजे लोकांचा प्रयत्न शासनाच्या योजनेपूर्वीच चालू होता. सयाजीरावांनी त्यास बाजूस सारले नाही. त्यांनी अमीन यांना नव्या व्यवस्थेत सामावून घेतले.

ग्रंथालयांची रचना

अमेरिकेच्या प्रवासात सयाजीरावांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी विल्यम अॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले. बॉर्डन १९१३ पर्यंत तेथे होते. त्यांनी ग्रंथालय खात्याची घडी बसवली, ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग चालवला आणि ड्युई व कटर यांच्या पद्धतींचा मेळ घालून ग्रंथांचे स्वतंत्र वर्गीकरण तयार केले. सयाजीरावांनी स्वतःच्या संग्रहातील सुमारे २०,००० ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयास दिले. तेथे स्त्रियांसाठी व बालकांसाठी स्वतंत्र विभाग होते. पुढे या ग्रंथालयासाठी पोलादी मांडण्या आणि काचेच्या फरश्या असलेली खास इमारत बांधण्यात आली.

या व्यवस्थेची तीन अंगे विशेष अभ्यसनीय आहेत.

पहिले अंग म्हणजे खर्चाची विभागणी. गावाने ग्रंथालयासाठी वर्गणी जमवली, की तेवढीच रक्कम प्रांत पंचायत आणि तेवढीच शासन देत असे. ज्या गावाने स्वतः पुढाकार घेतला, त्यालाच मदत मिळे. त्यामुळे गावकऱ्यांना ग्रंथालय आपले वाटे.

दुसरे अंग फिरत्या ग्रंथालयाचे. बडोदे संस्थानाचा मुलूख सलग नव्हता, तो तुकड्यातुकड्यांत विखुरलेला होता. म्हणून पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या दूरच्या गावांना पाठवल्या जात आणि काही काळाने बदलल्या जात.

तिसरे अंग निरक्षरांसाठी होते. दृक्‌शिक्षण विभाग मॅजिक लँटर्न व चित्रपटांच्या साहाय्याने गावोगावी कार्यक्रम करी. ज्याला वाचता येत नाही, तोही ग्रंथालयाच्या सेवेचा अधिकारी आहे, ही दृष्टी त्या काळात नवी होती.

भाषाविषयक दृष्टी

राजा मराठी भाषक आणि बहुसंख्य प्रजा गुजराती भाषक, अशी बडोद्याची स्थिती होती. सयाजीरावांनी दोन्ही भाषांना स्थान दिले. १९१२ मध्ये सुरू झालेल्या ग्रंथालयविषयक नियतकालिकात इंग्रजीबरोबर गुजराती व मराठी विभाग होते. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु या कोशात प्रशासनातील संज्ञांचे पर्याय अनेक भारतीय भाषांत दिले आहेत. १९३२ मध्ये कोल्हापूर येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले.

कार्याच्या मर्यादा

चरित्र म्हणजे गुणगान नव्हे. सयाजीरावांनी दलितांसाठी शाळा काढल्या आणि १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. मात्र तेच आंबेडकर १९१७ मध्ये संस्थानाच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा त्यांना बडोदे शहरात राहावयास जागा मिळेना आणि त्यांना परतावे लागले. राजाज्ञेने संस्था निर्माण होतात, समाजमन तेवढ्याने बदलत नाही.

दुसरी मर्यादा घटनात्मक आहे. बडोद्याची ग्रंथालये राजाच्या इच्छेवर आणि खात्याच्या आदेशांवर चालत. त्यांना स्वतंत्र ग्रंथालय कायद्याचा आधार नव्हता. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी सयाजीरावांचे निधन झाले. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि या व्यवस्थेमागे उभा असलेला आश्रयदाता नाहीसा झाला. तुलनेने लहान अशा कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालय कायदा केला होता. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाला, गुजरातेत २००१ मध्ये. महाराष्ट्राच्या कायद्यात ग्रंथालय कर नाही. बहुतेक ग्रंथालये स्थानिक संस्था चालवतात आणि अ, ब, क, ड या वर्गांनुसार त्यांना शासकीय अनुदान मिळते. लोक आणि शासन यांच्या भागीदारीचे बडोद्यातील तत्त्व येथे वेगळ्या रूपात दिसते.

सारांश

सयाजीरावांनी शिक्षण, ग्रंथालय आणि लोकसहभाग यांची एक साखळी निर्माण केली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात डोंगरातील वारली पाडे आहेत, किनाऱ्यावरची मच्छीमार गावे आहेत आणि बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत अनेक भाषा बोलणारे कामगार आहेत. विखुरलेली वस्ती, अनेक भाषा आणि शाळेपासून तुटलेले प्रौढ वाचक ही आव्हाने बडोद्यापुढेही होती. पेटीतून गावाकडे जाणारे पुस्तक हे त्यावरील एक उत्तर होते. ते उत्तर एका राजाने दिले. लोकशाहीत ते देण्याची जबाबदारी कायदा, शासन आणि वाचक या तिघांची आहे.

स्वाध्याय

१. सक्तीचे शिक्षण आणि सार्वजनिक ग्रंथालय यांतील कार्यकारणसंबंध स्पष्ट करा.
२. बडोद्यातील खर्चविभागणीच्या तत्त्वाचे गुणदोष लिहा. वर्गणी जमवू न शकणाऱ्या गावाचे काय होईल, याचाही विचार करा.
३. आपल्या गावातील अथवा जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयास भेट द्या. त्याचा वर्ग, कामाची वेळ आणि उपलब्ध ग्रंथांच्या भाषा यांची नोंद करा. पाळीत काम करणाऱ्या वाचकास ते कितपत उपयोगी पडते, यावर सुमारे २०० शब्दांत टिपण लिहा.